उपलाचे पैलू : पाषाण, पाणी आणि घासणारे हात

पडघ्याच्या शिवारात विहीर खणावयास घेतली, घराचा पाया काढला अथवा रस्त्यासाठी टेकडी कापली, तर पहारीला प्रथम लागतो तो काळा पाषाण. भिवंडी तालुक्याचा, किंबहुना बहुतेक महाराष्ट्राचा हा आधार सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाने घडविला. तो रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे लक्षावधी वर्षे या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यातून कोठे गारगोटी, कोठे अकीक, कोठे शुभ्र झिओलाइटचे स्फटिक, तर कोठे साधा, रंगहीन ओपल तयार झाला. सिन्नर येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'गारगोटी' संग्रहालयात या पाषाणाच्या पोटातील वैभव पाहावयास मिळते.

याच पाषाणावरून पडघ्याजवळून मुंबई-आग्रा मार्ग जातो. कल्याण व सोपारा या प्राचीन बंदरांवर उतरलेला माल सह्याद्रीच्या घाटवाटांनी देशावर जाई आणि देशावरचा माल त्याच वाटांनी समुद्राकडे येई. थळघाटातून नाशिककडे जाणारी वाट ही त्यांपैकी एक प्रमुख वाट होय. बैल, बग्गी, मोटार आणि आता मालट्रक, अशी वाहने बदलली तरी या प्रदेशाचा वाटसरूशी व व्यापाऱ्याशी असलेला संबंध तुटलेला नाही. या वाटांवरून धान्य, कापड व मीठ गेले, तशीच रत्नेही गेली. रत्नांच्या या प्रवासात ज्या एका पाषाणाचे नाव भारतातून जगभर गेले आणि जो स्वतः मात्र फार उशिरा भारतीय कारागिरांच्या हाती आला, त्या उपलाचा, म्हणजेच ओपलचा, हा इतिहास आहे.

मणिकारांचा काळ

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक-भाषी नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पैठणहून गाड्या भरभरून अकीकासारखा पट्टेदार दगड भडोचच्या बंदराकडे नेला जात असे, असेही त्यात नमूद आहे. हा दगड दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतलाच होय. नेवासे, तेर, भोकरदन या ठिकाणी झालेल्या उत्खननांत अकीक व कार्नेलियन यांचे मणी मिळाले आहेत. काही मणी पूर्ण झालेले, तर काही अर्धवट सोडलेले आहेत. अर्धवट मणी जेथे मिळतो तेथे तो घडविणारा कारागीर बसत असला पाहिजे, हे उघड आहे.

कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे जे शिलालेख आहेत, त्यांत सोपाऱ्याच्या मणिकाराचा व कल्याणच्या सुवर्णकाराचाही समावेश आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वी या कोकणपट्टीत दगड घासून मणी करणारा अथवा रत्नांचा व्यवहार करणारा मनुष्य इतका प्रतिष्ठित होता की, पाण्याचे टाके अथवा लेणे दान देऊन तो आपला व्यवसाय पाषाणावर कोरवून घेऊ शकत होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढील इतिहासात रत्ने विकत घेणाऱ्या राजांची नावे येतात, विकणाऱ्या जवाहिऱ्यांची नावे येतात. परंतु ती घासणाऱ्या हातांची नावे हळूहळू दिसेनाशी होतात.

उपल ते ओपल

संस्कृतमध्ये 'उपल' म्हणजे पाषाण, खडा, रत्न. ग्रीक भाषेतील 'ओपालियोस' व लॅटिन भाषेतील 'ओपालुस' हे शब्द या 'उपल' शब्दावरूनच गेले असावेत, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. रोमन ग्रंथकार प्लिनी याने तर ओपलची जननी केवळ भारतभूमी होय, असे लिहून ठेवले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात प्लिनीचा अंत झाला. त्याचे हे विधान मात्र पुढे अनेक शतके प्रमाण मानले गेले.

आज भूशास्त्रज्ञांचे मत निराळे आहे. रोमन श्रीमंतांच्या अंगठ्यांतील रंगीबेरंगी ओपल बहुधा कार्पेथियन पर्वतातून, आजच्या स्लोव्हाकिया देशातून, येत असत. भारतातील काळ्या पाषाणात ओपल सापडतो खरा, परंतु तो बहुतांशी साधा, रंगांचा खेळ नसलेला असतो. मग प्लिनीने भारताचे नाव का घेतले? रोमन बाजारात भारताचे नाव लागले की मालाचे मोल वाढत असे, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. म्हणजे ओपलच्या इतिहासाच्या अगदी आरंभीच, माल एकीकडचा आणि नाव दुसरीकडचे, असा प्रकार दिसतो. हा धागा पुढे पुन्हा येणार आहे.

प्लिनीनेच नोनियस नावाच्या एका रोमन सिनेटरची कथा सांगितली आहे. त्याच्या अंगठीतील ओपलवर मार्क अँटनीची दृष्टी गेली. रत्न द्यावे अथवा देश सोडावा, असा प्रसंग आला. नोनियसने सर्व संपत्तीचा त्याग केला, परंतु अंगठी बरोबर घेऊन तो परागंदा झाला. परिग्रहाचा मोह मनुष्यास कोठवर नेतो याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

रंगांचा उलगडा

ओपल हा हिरा, माणिक अथवा पाचू यांच्यासारखा स्फटिक नव्हे. सिलिका आणि पाणी यांचा तो घट्ट झालेला संयोग आहे. त्यात वजनाच्या साधारणतः ३ ते १० टक्के, आणि क्वचित २० टक्क्यांपर्यंत पाणी असते. ज्या पाषाणाच्या पोटातच पाणी आहे, त्याला उष्णता सहन होत नाही. तो तडकतो. काठिण्याच्या मापनात हिरा १० वर, गारगोटी ७ वर आणि ओपल साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येतो. घरातील धुळीतही गारगोटीचे कण असतात. म्हणजे कोरड्या फडक्याने पुसतानासुद्धा ओपलवर ओरखडा उठू शकतो.

इतक्या नाजूक दगडात सप्तरंग येतात कोठून, या प्रश्नाने भारतीय शास्त्रज्ञांनाही आकर्षित केले होते. १९५३ मध्ये सर चंद्रशेखर व्यंकट रामन आणि जयरामन यांनी बंगळूर येथून ओपलच्या रचनेविषयी व रंगछटांविषयी संशोधन प्रसिद्ध केले. पूर्ण उलगडा १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की, सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओपलमध्ये एखाद्या वाण्याच्या दुकानात रचून ठेवलेल्या संत्र्यांप्रमाणे ओळीने बसलेले असतात. एका गोळ्याचा व्यास साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा काहीशेवा हिस्सा. या ओळींवरून प्रकाश परावर्तित होताना त्याचे रंग विलग होतात. गोळे लहान असले तर निळा-जांभळा रंग दिसतो. मोठे असले तर लाल. लाल झळक दुर्मीळ असल्याने तिला बाजारात मोल अधिक.

मराठीत 'पैलू पाडणे' हा शब्दप्रयोग मनुष्याच्या व्यक्तिमत्त्वाविषयीही केला जातो. परंतु ओपलच्या बाबतीत शतकानुशतके पैलू पाडले जातच नसत. ऑस्ट्रेलियातील ओपल बहुधा अपारदर्शक अथवा दुधाळ असतो. त्याला वरून घुमटासारखा गोल आकार देऊन चकाकी आणतात. पैलू पाडावयाचे तर दगड पारदर्शक हवा. मेक्सिकोतील केरेतारो परिसरातून निघणारा केशरी-लाल 'फायर ओपल' पारदर्शक असल्याने त्यालाच प्रामुख्याने पैलू पाडले जात. नवरत्नांच्या मालिकेत ओपलला स्थान नाही. त्यामुळे भारतीय जवाहिऱ्याचे त्याच्याकडे फारसे लक्ष जाण्याचे कारणही नव्हते.

जैन जवाहिऱ्यांची परंपरा

रत्नव्यवसायात जैन समाज प्राचीन काळापासून आहे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या गृहस्थास ज्या व्यवसायांत प्राण्यांची प्रत्यक्ष हिंसा कमी, ते व्यवसाय जवळचे वाटले. तरीही जैन दृष्टीने पाषाण हा केवळ जड पदार्थ नव्हे. उत्तराध्ययन सूत्रात पृथ्वीकाय जीवांचे प्रकार सांगताना मणी-रत्नांची नावे येतात. आचार्य शांतिसूरींच्या 'जीवविचार' प्रकरणातही स्फटिक, मणी, रत्न, प्रवाळ यांची गणना पृथ्वीकायात केलेली आहे. खाणीतून निघून शस्त्राने संस्कारित झाल्यावर दगड अचित्त होतो, असे मानले जाते. परंतु त्याच्या उगमाकडे पाहण्याची दृष्टी करुणेचीच आहे.

या परंपरेतील एक उज्ज्वल नाव म्हणजे ठक्कुर फेरू. श्रीमाल कुळातील हा जैन श्रावक दिल्लीच्या सुलतान अल्लाउद्दीन खिलजीच्या सेवेत होता. राजकोषातील रत्ने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याने १३१५ मध्ये आपल्या पुत्रासाठी प्राकृत भाषेत 'रयणपरिक्खा' म्हणजे रत्नपरीक्षा हा ग्रंथ रचला. जुन्या संस्कृत ग्रंथांतील माहितीवर तो थांबला नाही. लाल, अकीक, फिरोजा अशा पारशी नावांनी बाजारात येणाऱ्या रत्नांचीही त्याने दखल घेतली. नवे रत्न आले तर नव्याने पाहावे, नव्याने शिकावे, हा त्याच्या ग्रंथाचा बोध आहे.

पडघ्यावरून जाणारा मार्ग ज्या आग्र्याला पोहोचतो, त्या आग्र्यात १६४१ मध्ये कवी बनारसीदास यांनी 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पूर्ण केले. जौनपूरच्या जवाहिऱ्याच्या घरात १५८६ मध्ये त्यांचा जन्म झाला. १५९८ मध्ये जौनपूरच्या सुभेदाराने शहरातील सर्व जवाहिऱ्यांना धरून फटके मारविले आणि कुटुंबे जीव घेऊन पळाली, हा प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. पुढे वडिलांनी विश्वासाने दिलेली रत्ने आग्र्यात आपल्याच निष्काळजीपणाने कशी हरवली, हेही त्यांनी लपविले नाही. स्वतःचे दोष जगासमोर मांडणारा हा जवाहीर आजही आदर्श वाटतो, तो याच सचोटीमुळे.

मुंबईच्या झवेरी बाजाराने हीच परंपरा पुढे चालविली. दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१-१९१४) यांनी जवाहिरातून मिळविलेले धन धर्मशाळा व विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांसाठी वेचले. मुंबईची हिराबाग धर्मशाळा त्याची साक्ष देते. श्रीमद् राजचंद्र (१८६७-१९०१) मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करीत. १८९१ मध्ये महात्मा गांधींची त्यांच्याशी भेट झाली आणि ती आयुष्यभर प्रभाव टाकणारी ठरली. त्यांच्याविषयी एक हकिकत सर्वत्र सांगितली जाते. एका व्यापाऱ्याशी जवाहिराचा सौदा ठरला. पुढे भाव इतके चढले की, ठरल्या दराने माल देताना तो व्यापारी धुळीस मिळाला असता. श्रीमदांनी सौद्याचा कागदच फाडून टाकला. दुसऱ्याच्या सर्वनाशातून येणारा नफा त्यांना नको होता.

इथियोपियाची खाण, जयपूरची सान

२००८ मध्ये ओपलच्या इतिहासाने अनपेक्षित वळण घेतले. आफ्रिकेतील इथियोपिया देशात, वोलो प्रांतातील वेगेल तेना या गावाजवळ, उंच कड्यांच्या पोटात ओपलचा एक थर सापडला. तेथील पठारही लाव्हारसाच्या थरांनीच बनलेले आहे. त्याचे वय सुमारे ३ कोटी वर्षे, म्हणजे पडघ्याच्या पाषाणापेक्षा बरेच कमी. परंतु घडण तशीच. दूरच्या खंडातला हा आपल्या काळ्या पाषाणाचा धाकटा भाऊच म्हणावा लागेल. यापूर्वी १९९४ मध्ये त्याच देशातील मेझेझो येथे ओपल मिळाला होता, परंतु तो तडकण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. वोलोचा ओपल निराळा निघाला. त्यातील काही दगड काचेसारखे पारदर्शक होते आणि तरीही त्यांच्यात रंगांची पूर्ण झळक होती. पैलू पाडता येईल असा बहुरंगी ओपल प्रथमच विपुल प्रमाणात उपलब्ध झाला.

हा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर आला तो जयपूरला. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरात जोहरी बाजार आरंभापासून आहे. तेथील जवाहिऱ्यांत जैन कुटुंबे मोठ्या संख्येने, तर दगड घासणाऱ्या कारागिरांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. एकाची पारख आणि दुसऱ्याचा हात यांच्या मेळातून पाचू-माणकांची ही बाजारपेठ उभी राहिली. पाचू घासण्यात पिढ्या घालविलेल्या हातांना आता ओपल शिकावा लागला.

तो शिकणे सोपे नव्हते. कारखान्यात ओपल आला की कारागीर प्रथम तो कोरडा पाहतो. रंगाची झळक कोणत्या बाजूने उठते, तडा कोठे आहे, मातीचा थर कोठवर गेला आहे, हे पाहून खूण करतो. मग हिऱ्याची कणी बसविलेल्या पातळ पात्याने, पाण्याच्या धारेखाली, दगड कापला जातो. इतर रत्ने काडीच्या टोकाला चिकटविण्यासाठी चपडी लाख तापवून वापरतात. ओपलला ती उष्णता बाधते. म्हणून अतिशय मंद ऊब द्यावी लागते, अथवा थंड स्थितीत चिकटणारा गोंद वापरावा लागतो.

यानंतर खरी परीक्षा. वोलोचा ओपल पाणी पितो. पाण्यात राहिला की त्याचे वजन वाढते, तो काचेसारखा निव्वळ पारदर्शक होतो आणि त्यातील रंग अनेकदा नाहीसे होतात. घासताना तर पाणी हवेच. म्हणजे ज्या रंगासाठी पैलू पाडावयाचे, तो रंग पैलू पाडताना कारागिरास दिसतच नाही. कोरड्या स्थितीत जे पाहिले, त्या आठवणीच्या आणि खुणेच्या आधारे त्याला काम करावे लागते. काम संपल्यावर दगड सावलीत, घाई न करता, कित्येकदा दिवसचे दिवस सुकू द्यावा लागतो. उन्हात अथवा दिव्याखाली सुकविण्याची घाई केली तर तडा जाण्याचे भय. पाणीही निर्मळ हवे. गढूळ अथवा रंगीत पाणी दगड शोषून घेतो आणि तो डाग कायमचा राहतो.

पैलूंचा उतारही हिऱ्यासारखा ठेवून चालत नाही. प्रकाश तळाच्या पैलूवर पुरेसा तिरकस पडला तरच तो आत परतून डोळ्यांकडे येतो. हिऱ्यात ही मर्यादा साडेचोवीस अंशांच्या आसपास आहे, तर ओपलमध्ये सुमारे ४४ अंश. म्हणून ओपलच्या तळाचे पैलू अधिक उभे ठेवावे लागतात. ते चपटे ठेवले तर वजन वाचते, पण दगडाच्या मध्यभागी खिडकीसारखी निस्तेज पोकळी दिसते. वजन वाचवावे की तेज राखावे, हा निर्णय प्रत्येक दगडापाशी नव्याने घ्यावा लागतो. शेवटी बारीक पूड लावलेल्या चकतीवर, हलक्या हाताने चकाकी आणली जाते. जोर दिला की पैलूची धार तुटते. रागावलेल्या वा घाईत असलेल्या माणसाचे हे काम नव्हे.

प्रतिरूपक व्यवहार

ओपलचा पाणी पिण्याचा जो गुण, तोच त्याच्या फसवणुकीचा मार्गही ठरला. जो दगड पाणी शोषतो, तो रंगही शोषतो. रंगहीन ओपल रंगाच्या द्रावणात बुडवून निळे, गुलाबी, जांभळे केले गेले. धुराच्या साहाय्याने अथवा साखर व आम्ल यांच्या प्रक्रियेने पांढरे ओपल काळे केले गेले. कारण काळ्या ओपलचे मोल फार. पातळ ओपलखाली काळा तुकडा चिकटवून केलेले जोडदगडही आहेत. १९७४ पासून तर प्रयोगशाळेत बनविलेला ओपलही बाजारात आला.

प्रक्रिया करणे हा अपराध नव्हे. ती न सांगणे हा अपराध आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटी मापे वापरणे हा एक, आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे अस्सल म्हणून तत्सम नकली अथवा भेसळीचा माल देणे हा दुसरा आहे. हा नियम रत्नांच्या बाजारासाठीच जणू लिहिला असावा, असे वाटते. ओलसर ओपल वजनास अधिक भरतो. तो पूर्ण सुकवून तोलणे म्हणजे योग्य मापाचे पालन. रंगविलेला ओपल रंगविलेला म्हणून सांगणे म्हणजे प्रतिरूपक व्यवहाराचा त्याग. प्लिनीच्या काळी युरोपातला ओपल भारताच्या नावाने खपला. आज भारतात घासलेला ओपल जगभर जातो. त्याच्यासोबत भारताचे नाव कशा रीतीने जावे, हे विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून आहे.

घासणाऱ्याचा श्वास

आता त्या हातांकडे वळले पाहिजे, ज्यांची नावे इतिहासात नाहीत. या हातांची कथा सर्वांत स्पष्ट दिसते ती गुजरातेतील खंभात येथे. स्तंभन पार्श्वनाथांचे तीर्थ म्हणून जैन समाजास पूज्य असलेले हे नगर अकीकाच्या कामासाठीही शतकानुशतके प्रसिद्ध आहे. राजपिपळा भागातील दगड तेथे येई, भाजला जाई, फोडला जाई, घासला जाई. दख्खनच्याच लाव्हारसाच्या कुळातला तो दगड होय.

अकीकाला उष्णतेची भीती नाही. म्हणून तो कोरडा घासता येतो. विजेवर चालणारी चाके आल्यावर काम वेगाने होऊ लागले आणि धूळही वेगाने उडू लागली. ही धूळ स्फटिकरूप सिलिकाची असते. श्वासाबरोबर ती फुफ्फुसांत जाऊन बसते आणि पुन्हा बाहेर पडत नाही. फुफ्फुसे हळूहळू घट्ट होत जातात, धाप लागते, क्षयरोगाचा धोका वाढतो. या रोगास सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांची तपासणी करून या रोगाचा प्रादुर्भाव दाखवून दिला आणि धूळ ओढून घेणारी साधनेही तयार केली. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिसची गणना शासनास कळविणे आवश्यक असलेल्या रोगांत होती. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर तो त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राही. अकीक तर घराच्या ओसरीवर घासला जात असे. धूळ घरातील स्त्रिया व मुलेही श्वासाबरोबर घेत. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये अशा फुफ्फुसरोगांविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले, त्यामागेही दगडाशी झुंजणाऱ्या असंख्य कामगारांची वेदना होती.

ओपलची गोष्ट येथेच बोधप्रद ठरते. ओपलची सिलिका मुख्यतः अस्फटिक स्वरूपाची असते, म्हणून ती तुलनेने कमी घातक. तथापि भोवतीच्या खडकाची धूळ व काही ओपलमधील स्फटिकांश हे धोक्याचेच. परंतु ओपल कोरडा घासताच येत नाही. कोरडा घासला की तो तापतो आणि तडकतो. म्हणून त्याच्या चाकावर पाण्याची धार अखंड असते आणि त्या पाण्याने धूळ जागच्या जागी बसते. दगड वाचावा म्हणून सोडलेले पाणी माणसालाही वाचविते. अकीक न तडकता सोसतो, म्हणून त्याच्यावर पाणी सोडण्याचे कोणास सुचले नाही. सोसणारा दगड होता, आणि सोसणारा माणूसही होता. एका महागड्या दगडासाठी जी काळजी सहज घेतली गेली, ती स्वस्त दगड घासणाऱ्या माणसासाठी घेतली गेली नाही, हा रत्नव्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत कठोर धडा आहे.

पृथ्वीकायातही जीव पाहणाऱ्या दृष्टीला हा धडा समजावयास वेळ लागू नये. पाषाणाच्या कणाविषयी यत्ना बाळगावयाची आणि त्या कणाने कोंडलेला मनुष्याचा श्वास मात्र पाहावयाचा नाही, असे होऊ शकत नाही. रत्न खरेदी करताना ते अस्सल आहे काय, प्रक्रिया केलेले आहे काय, हे दोन प्रश्न विचारले जातात. ते कोठे घासले, पाण्याखाली घासले काय, घासणाऱ्यास धूळ लागू नये याची व्यवस्था होती काय, हा तिसरा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. ग्राहक विचारू लागला की व्यापारी विचारतो, आणि व्यापारी विचारू लागला की कारखान्यात पाण्याची नळी व हवा ओढणारा पंखा येतो. व्यवहारातील सुधारणा बहुधा अशाच मार्गाने घडून येतात.

पडघ्याजवळून आजही अहोरात्र वाहने धावतात. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत खुला झाला आणि या जुन्या व्यापारी प्रदेशात आणखी एका मार्गाची भर पडली. या मार्गांच्या खाली तोच काळा पाषाण आहे, ज्याच्या पोकळ्यांत पाण्याने एकेकाळी गारगोट्या व ओपल घडविले. कान्हेरीच्या कड्यावर सोपाऱ्याच्या मणिकाराचा लेख अद्याप वाचता येतो. त्याच्यानंतर आलेल्या सहस्रावधी घासणाऱ्यांचे लेख कोठेही नाहीत. त्यांचे कार्य पैलूंच्या रूपाने अनेकांच्या बोटांत व गळ्यांत आहे. ते पैलू पाहताना त्या हातांचे स्मरण व्हावे आणि त्या हातांचा श्वास मोकळा राहावा, इतके जरी साधले तरी उपलाचा हा दीर्घ प्रवास सार्थकी लागला असे म्हणता येईल.